कालची सेटिंग आज कुठे गेली? शेलच्या सुरुवातीच्या फाइलींचा उलगडा

आमच्या गावातल्या अभ्यासिकेत सहा जुने लॅपटॉप आहेत. नवं विंडोज त्यांना झेपत नाही, म्हणून सगळ्यांवर उबंटू टाकलेलं आहे. दिवसभर तिथे भरतीची तयारी करणारी पोरं बसतात, आणि संध्याकाळी सातनंतर तिघं-चौघं प्रोग्रामिंग शिकायला थांबतात. परवा सगळं रंगात आलं असताना लाइट गेली. या लॅपटॉपच्या बॅटऱ्या केव्हाच गेलेल्या, त्यामुळे लाइटबरोबर मशीनही बंद. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू केल्यावर एक जण म्हणाला, "दादा, आत्ता तं चालत होतं ना! आता काऊन कमांड नॉट फाउंड म्हणून राह्यला हा?"

त्याने पाथची ओळ (कमांडी कोणत्या फोल्डरांत शोधायच्या ते सांगणारी) नुसती टर्मिनलमध्ये टाइप केली होती. टर्मिनल गेलं, ओळही गेली. (टर्मिनलच्या आत आपल्या कमांडी वाचून चालवणारा प्रोग्राम म्हणजे शेल; उबंटूवरचं शेल म्हणजे बॅश. ते सुरू होताना ज्या फाइली वाचतं त्यांचीच नावं पुढे येतील.) "मंग कुठं लिहू?" या प्रश्नाला नेटवर त्याला तीन उत्तरं मिळाली: कोणी म्हणतं बॅशआरसीत लिहा, कोणी म्हणतं प्रोफाइलमध्ये, कोणी बॅश प्रोफाइलमध्ये. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि गोंधळ त्यामुळेच होतो. 'कोणत्या फाइलीत लिहू' हा खरं तर दुसरा प्रश्न आहे. त्याआधी विचारायचं ते हे: माझं शेल सुरू कसं झालं, आणि मला हवी ती गोष्ट पुढे कोणाकोणाला मिळायला पाहिजे?

कमांडी इथे मी देवनागरीत लिहिल्या आहेत, फोनवर सांगतो तशा. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत टाकायच्या. 'पाथ', 'होम', 'लँग', 'बॅश_एन्व्ह' ही नावं आणि 'सी.यूटीएफ-८' पूर्ण मोठ्या अक्षरांत, तसंच 'एमआर_आयएन' मधलं 'आयएन'. बाकी सगळं लहान अक्षरांत. वाकडी रेघ ~ म्हणजे तुमचं स्वतःचं घर, म्हणजे होम फोल्डर. ज्या फाइलीचं नाव टिंबाने सुरू होतं ती लपलेली असते. फाइलींची यादी दाखवणाऱ्या 'एलएस' कमांडीला 'एलएस -ए' म्हटल्यावरच दिसते.

आधी शिदोरी समजून घ्या

युनिक्समधला प्रत्येक प्रोग्राम दुसऱ्या कुठल्या तरी प्रोग्रामच्या पोटी जन्मतो. टर्मिनलच्या पोटी शेल, शेलच्या पोटी पायथन. जन्मताना आईबाप पोराच्या हातात एक शिदोरी देतात: नाव आणि किंमत अशा जोड्यांची यादी. हीच एन्व्हायर्नमेंट. पोराला मिळते ती नक्कल. त्याने आपल्या शिदोरीत काहीही बदललं तरी घरच्या डब्याला धक्का लागत नाही.

हे वाचून सोडू नका, टर्मिनल उघडून करून बघा:

गाव="आर्वी"
बॅश
इको $गाव

इको म्हणजे पुढे दिलेलं छापणं. तिसऱ्या ओळीला कोरी ओळ येईल. तुम्ही 'गाव' नावाचं व्हेरिएबल केलं खरं, पण ते शिदोरीत घातलं नाही. मग नवीन बॅश सुरू केलं, त्याला ते मिळालंच नाही. आता 'एक्झिट' म्हणून मूळ शेलमध्ये परत या आणि हे करा:

एक्स्पोर्ट गाव
बॅश
इको $गाव

आता आर्वी दिसेल. एक्स्पोर्ट म्हणजे शिदोरीत घालणं, एवढंच. आतल्या बॅशमध्येच गाव="हिंगणघाट" करा, 'एक्झिट' करा आणि बाहेर पुन्हा इको करा. बाहेर आर्वीच राहतं. (व्हेरिएबलचं नाव बॅशला इंग्रजी अक्षरांतच लागतं; किंमत मात्र खुशाल मराठीत द्या. आणि बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची नाही. नव्या मुलांची निम्मी अडचण त्या एका जागेत असते.)

शिदोरीत फक्त व्हेरिएबलं जातात. 'एलएल' सारखे एलियस, म्हणजे कमांडींना दिलेली टोपणनावं, जात नाहीत. म्हणजे व्हेरिएबल एकदा, वरच्या पायरीवर ठरवलं की खालच्या सगळ्यांना आपोआप मिळतं. एलियस मात्र प्रत्येक नव्या शेलला नव्याने शिकवावे लागतात. फाइली दोन प्रकारच्या का आहेत याचं उत्तर इथे आहे. एक लॉगिनच्या वेळी एकदाच वाचायची, दुसरी प्रत्येक शेल उघडताना वाचायची.

थोडा इतिहास, कारण नावं तिथूनच आली

प्रोफाइल ही फाइल स्टीफन बोर्न यांच्या शेलची. ते शेल बेल लॅब्समधून १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर आलं. बॅश ब्रायन फॉक्स यांनी जीएनयू प्रकल्पासाठी लिहिलं, १९८९ साली. बॅशने जुन्या प्रोफाइलचा मान ठेवला आणि शिवाय स्वतःच्या फाइली आणल्या. बॅशआरसीमधलं 'आरसी' त्याहून जुनं आहे: एमआयटीच्या सीटीएसएस या १९६० च्या दशकातल्या प्रणालीवर 'रनकॉम' नावाची सोय होती, फाइलीत लिहून ठेवलेल्या कमांडी ओळीने चालवायची. तिची ही आठवण.

यातून एक नियम निघतो. प्रोफाइल ही बोर्न वळणाच्या सगळ्या शेलांची सामाईक फाइल आहे, म्हणून तिच्यात फक्त बॅशलाच कळेल असं काही लिहू नका.

पायरी पहिली: आपण कुठल्या शेलमध्ये आहोत?

शॉप्ट लॉगिन_शेल

असं टाइप करा. 'ऑन' आलं तर लॉगिन शेल, 'ऑफ' आलं तर साधं. उबंटूच्या डेस्कटॉपवर टर्मिनलची खिडकी उघडली की 'ऑफ' येतं, कारण लॉगिन तुम्ही आधीच, पासवर्ड टाकला तेव्हा, करून बसलेले असता. एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, दुसऱ्या मशीनवर शिरलात, किंवा कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर नाव-पासवर्ड टाकलात, तर 'ऑन'.

दुसरी विचारणा 'इको $-' ही. उत्तरात 'आय' हे अक्षर असेल तर शेल तुमच्याशी समोरासमोर बोलतंय. स्क्रिप्टच्या, म्हणजे फाइलीत लिहून एकदम चालवलेल्या कमांडींच्या, आत हे अक्षर नसतं.

पायरी दुसरी: कोण काय वाचतं

लॉगिन शेल असेल तर बॅश आधी /इटीसी/प्रोफाइल वाचतं. ती पूर्ण मशीनची. मग तुमच्या घरात तीन फाइली या क्रमाने शोधतं: .बॅश_प्रोफाइल, मग .बॅश_लॉगिन, मग .प्रोफाइल. यातली जी पहिली सापडेल तेवढीच वाचतं आणि उरलेल्यांकडे बघतही नाही.

लॉगिन नसलेलं पण समोरासमोरचं शेल असेल तर .बॅशआरसी. उबंटू आणि डेबियनवर त्याआधी /इटीसी/बॅश.बॅशआरसी ही पूर्ण मशीनची फाइलही वाचली जाते.

स्क्रिप्ट चालवली तर यातलं काहीच नाही. तिला फक्त शिदोरी मिळते. (बॅश_एन्व्ह नावाच्या व्हेरिएबलमध्ये एखाद्या फाइलीचं नाव असेल तर बॅश स्क्रिप्ट ती वाचते, पण ही सोय क्वचितच लागते.)

मग उबंटूवर एसएसएचने शिरल्यावरही बॅशआरसीतले रंग आणि एलियस दिसतात ते कसे? कारण उबंटूच्या .प्रोफाइलमध्येच एक तुकडा लिहिलेला आहे: शेल बॅश असेल तर .बॅशआरसीही वाच. ती बॅशची मूळ सवय नाही, उबंटूने घरात ठेवून दिलेल्या फाइलीची करामत आहे. 'लेस ~/.प्रोफाइल' करून ती एकदा डोळ्यांखालून घालाच, मोजक्या ओळींची फाइल आहे. तिच्या शेवटी आणखी एक कामाची गोष्ट दिसेल: घरात 'बिन' किंवा '.लोकल/बिन' हे फोल्डर असेल तर ते पाथमध्ये घातलं जातं.

आता अभ्यासिकेतला खरा घोळ सांगतो. एका मुलाने मॅकवर चित्रित केलेला व्हिडिओ बघून .बॅश_प्रोफाइल नावाची नवी फाइल केली आणि तिच्यात एकच ओळ टाकली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या लॅपटॉपवरून एसएसएचने शिरला तर रंग गेलेले, एलियस गेलेले, '.लोकल/बिन' मधला प्रोग्राम सापडेना. त्याने काहीच खोडलं नव्हतं, फक्त एक फाइल नव्याने केली होती. पण .बॅश_प्रोफाइल सापडल्यामुळे बॅश .प्रोफाइलपर्यंत पोहोचेना, आणि .प्रोफाइल नाही म्हणून .बॅशआरसीही नाही. उपाय दोन. ती ओळ .प्रोफाइलमध्ये हलवून .बॅश_प्रोफाइल उडवा, मी हेच करतो. ती फाइल ठेवायचीच असेल तर तिच्या पहिल्या ओळीत लिहा:

[ -एफ ~/.प्रोफाइल ] && . ~/.प्रोफाइल

कंसाच्या आतल्या दोन्ही जागा आणि टिंबानंतरची जागा विसरायची नाही. ते टिंब हीसुद्धा एक कमांड आहे: 'ही फाइल याच शेलमध्ये वाच'. बॅशमध्ये तिलाच 'सोर्स' असंही म्हणता येतं. फाइल स्क्रिप्टसारखी चालवली तर ती पोटच्या शेलमध्ये चालते, आणि तिने केलेले बदल तिथेच संपतात.

पायरी तिसरी: काय कुठे लिहायचं

एक्स्पोर्ट केलेली व्हेरिएबलं आणि पाथ .प्रोफाइलमध्ये. एलियस, फंक्शनं, प्रॉम्प्टचं (कमांड लिहायच्या आधी दिसणाऱ्या मजकुराचं) रूप, हिस्टरीच्या सेटिंगा .बॅशआरसीमध्ये. नव्व्याण्णव वेळा एवढं पुरतं. पाथ बॅशआरसीत लिहिला तरी चालल्यासारखं वाटतं, पण शेलमधून शेल उघडलं की प्रत्येक वेळी तीच जागा पाथमध्ये पुन्हा जोडली जाते, आणि डेस्कटॉपवरून थेट उघडलेल्या प्रोग्रामला ती मुळीच मिळत नाही.

.प्रोफाइल बदलल्यावर लॉगआउट करून पुन्हा आत यावं लागतं. नुसतं टर्मिनल बंद करून उघडलं तर बदल दिसत नाही. "लिहिलं तरी नाही झालं दादा" ही तक्रार बहुतेक वेळा इथलीच असते.

/इटीसी/एन्व्हायर्नमेंट नावाची फाइल दिसली तर लक्षात ठेवा, ती शेलची स्क्रिप्ट नाही. तिच्यात एक्स्पोर्ट लिहायचं नाही, $पाथ लिहिलं तर ते उलगडणार नाही. साधं नाव=किंमत, बस.

पायरी चौथी: पाथ

पाथ म्हणजे फोल्डरांची यादी, मधे विसर्गासारखी दोन टिंबं. तुम्ही कमांड लिहिली की शेल डावीकडून उजवीकडे एकेक फोल्डर बघतं आणि पहिल्यांदा जिथे सापडेल ती चालवतं. म्हणून नवीन जागा आधी लावली की मग, यावर फरक पडतो:

एक्स्पोर्ट पाथ="$होम/साधनं:$पाथ"

इथे 'साधनं' ही तुमची जागा पहिल्यांदा बघितली जाईल. ('साधनं'ऐवजी फोल्डरचं तुम्ही दिलेलं नाव टाका.) शेवटचा :$पाथ हा भाग जिवाचा आहे. तो विसरलात तर जुनी सगळी यादी पुसली जाते आणि 'एलएस'सुद्धा सापडत नाही. तसं झालं तर घाबरू नका, त्याच टर्मिनलमध्ये

पाथ=/युएसआर/बिन:/बिन

टाका. कमांडी परत येतील, मग निवांत फाइल दुरुस्त करा.

एकाच नावाचे दोन प्रोग्राम मशीनवर असतील, तर कोणता चालतोय ते 'टाइप -ए पायथन३' असं विचारून कळतं. सगळे ठावठिकाणे क्रमाने येतात, एलियस असेल तर तेही. प्रोग्राम एका जागेवरून दुसरीकडे हलवला आणि बॅश अजून जुन्याच जागी जाऊन रिकाम्या हाताने परतत असेल, तर 'हॅश -आर' करा. बॅश सापडलेले पत्ते लक्षात ठेवतं, ते विसरायला सांगावं लागतं. 'सुडो' (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणं) लावल्यावर तुमचा पाथ गायब झाला तरी ते बिघडलेलं नाही. उबंटूवर सुडो स्वतःचा सुरक्षित पाथ वापरतं, आणि ते तसंच राहू द्यावं.

पायरी पाचवी: क्रॉन, जिथे माझे दोन दिवस गेले

मागच्या हंगामात मी गावाजवळच्या एका कापूस संकलन केंद्रासाठी छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. दिवसभरातल्या काट्याच्या पावत्यांच्या नोंदी घ्यायच्या, गावागणिक क्विंटलची बेरीज करायची आणि रात्री नऊला त्या तारखेच्या नावाची फाइल तयार ठेवायची. हाताने चालवली की दर वेळी बरोबर. क्रॉनवर, म्हणजे ठरलेल्या वेळी कमांडी आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रामवर, लावली तर सकाळी फाइलच नाही. गाड्यांची रांग लागलेली, आणि कालची बेरीज विचारायला माणूस दारात उभा. पहिल्या दिवशी मी स्क्रिप्टच उलटीपालटी करत बसलो. तिच्यात काहीच चूक नव्हती.

क्रॉन तुमच्या लॉगिनच्या पोटी जन्मत नाही. मशीन सुरू होतं तेव्हा तेही सुरू होतं, आणि तुमची .प्रोफाइल किंवा .बॅशआरसी कधीच वाचत नाही. उबंटूवर त्याची शिदोरी अगदी हलकी असते: पाथमध्ये फक्त /युएसआर/बिन आणि /बिन, आणि शेल म्हणून /बिन/एसएच. तेही उबंटूवर बॅश नसून डॅश नावाचं दुसरं शेल आहे. माझी स्क्रिप्ट '.लोकल/बिन' मधलं एक साधन वापरत होती. ते क्रॉनला कुठून सापडणार?

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर 'क्रॉनटॅब -ई' करून (क्रॉनच्या कामांची तुमची यादी उघडते) एक ओळ टाका:

* * * * * एन्व्ह > /टीएमपी/शिदोरी

मिनिटभराने ती फाइल उघडा, आणि शेजारी आपल्या टर्मिनलमध्ये 'एन्व्ह' चालवा. दोन्ही याद्या समोरासमोर ठेवल्या की मला दोन दिवसांत कळलं ते तुम्हाला दोन मिनिटांत कळेल. बघून झालं की ती ओळ काढून टाका.

दुरुस्ती क्रॉनटॅबच्या माथ्यावर करायची. तिथे पाथची पूर्ण ओळ लिहा, पण पूर्ण पत्त्यांनिशी. क्रॉनटॅबमधल्या अशा ओळीत $पाथ किंवा $होम उलगडत नाहीत. त्याहून मला आवडतं ते स्क्रिप्टच्या आतच साधनाचा पूर्ण पत्ता लिहिणं. मग ती कुठूनही चालवा.

एवढं करूनही दुसऱ्या दिवशी फाइल नव्हतीच. तारखेसाठी मी क्रॉनच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह वापरलं होतं. क्रॉनटॅबमध्ये टक्का म्हणजे ओळ संपली. पुढचं सगळं कमांडला इनपुट म्हणून जातं. त्याच्याआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते, नाहीतर तारखेचा भाग स्क्रिप्टमध्ये हलवावा. मी हलवला. त्या रात्री नऊ वाजून एक मिनिटाने फाइल आली. मी तिथेच बसून होतो.

एसएसएच आणि फाइल पाठवणं

'एसएसएच मशीन कमांड' असं एका झटक्यात चालवलं तर शेल लॉगिनही नसतं आणि समोरासमोरचंही नसतं. तरीही बॅश एसएसएचची हाक ओळखून .बॅशआरसी वाचतं. उबंटूची .बॅशआरसी मात्र सुरुवातीलाच तपासते: समोर माणूस नसेल तर इथूनच परत फिर. त्या तपासणीच्या खाली लिहिलेलं काहीच अशा वेळी लागू होत नाही. तपासणीच्या वर 'इको नमस्कार' सारखी ओळ टाकलीत तर एससीपी आणि एसएफटीपी या फाइली पाठवणाऱ्या कमांडी अडखळतात, कारण त्यांच्या संभाषणात तुमचा नमस्कार घुसतो. सुरुवातीच्या फाइलींना अकारण बोलायला लावू नका.

मराठी अक्षरं

मराठी नावाच्या फाइलींऐवजी 'एलएस'मध्ये उलट्या रेघा आणि आकड्यांची रांग दिसू लागली, तर 'लोकेल' (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) ही कमांड चालवा. 'लँग'समोर नुसता 'सी' असेल तर 'एलएस'ला देवनागरी छापण्याजोगी वाटत नाही. एक्स्पोर्ट लँग=सी.यूटीएफ-८ ही ओळ .प्रोफाइलमध्ये टाका, अक्षरं परत येतील. संदेशही मराठीत हवे असतील तर एमआर_आयएन हे लोकेल आधी मशीनवर तयार करून घ्यावं लागतं. पण चूक शोधताना संदेश इंग्रजीत असलेले बरे, कारण नेटवर उत्तर त्याच शब्दांनी सापडतं.

हात लावण्याआधी आणि बिघडल्यावर

बदलण्याआधी नक्कल: 'सीपी ~/.बॅशआरसी ~/.बॅशआरसी.जुनी'. बदलल्यावर 'बॅश -एन ~/.बॅशआरसी', काहीच छापलं नाही तर व्याकरण ठीक. जुनं टर्मिनल उघडंच ठेवून दुसऱ्या टर्मिनलमध्ये तपासा. वर्डमधून ओळी चिकटवू नका, तिथली गोलसर अवतरणचिन्हं शेलला कळत नाहीत. विंडोजच्या नोटपॅडमधून पेनड्राइव्हवर आणलेल्या फाइलीत दर ओळीच्या शेवटी एक अदृश्य अक्षर असू शकतं, त्यानेही 'कमांड नॉट फाउंड' येतं.

.बॅशआरसीत चुकून 'एक्झिट' लिहिलं गेलं आणि टर्मिनल उघडताच बंद होऊ लागलं, तर फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबा. लपलेल्या फाइली दिसतील; .बॅशआरसीचं नाव बदला, टर्मिनल उघडेल. मग मूळ प्रत /इटीसी/स्केल (इंग्रजीत एस-के-ई-एल) या फोल्डरमधून आणा:

सीपी /इटीसी/स्केल/.बॅशआरसी ~/

एखादं व्हेरिएबल कुठून येतंय कळत नसेल तर त्याचं नाव घेऊन 'ग्रेप -एन' (फाइलीत शब्द शोधणारी कमांड) करा: घरातल्या दोन-तीन फाइली, /इटीसी/प्रोफाइल, /इटीसी/एन्व्हायर्नमेंट. बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

मॅकवाल्यांसाठी एवढंच: २०१९ च्या कॅटालिनापासून तिथे झेडशेल आहे. त्याच्या फाइली .झेडप्रोफाइल आणि .झेडशआरसी, आणि लॉगिन शेल असेल तर या क्रमाने दोन्ही वाचल्या जातात. बॅशसारखं 'पहिली सापडली की थांब' तिथे नाही. मॅकचं टर्मिनल खिडकी उघडताना लॉगिन शेलच सुरू करतं. म्हणूनच मॅकवरचे सल्ले उबंटूवर जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

परवाच्या त्या मुलाने शेवटी ओळ .प्रोफाइलमध्ये टाकली, लॉगआउट करून परत आला आणि 'इको $पाथ' केलं. त्याचं फोल्डर यादीत होतं, पण दोनदा. नेटवरचं पहिलं उत्तर वाचून मधे .बॅशआरसीत टाकलेली ओळ तशीच राहिली होती. ती त्याने स्वतः शोधली, काढली, पुन्हा लॉगआउट केलं. मग मशीन पूर्ण बंद करून सुरू केलं, आणि पुन्हा एकदा बघितलं.